गाडी उमाकांतची

३ ऑगस्ट, रविवार. दुपारी २

आजपासून मी शिष्य. तारीख वर लिहिली आहे. नंतर कोणी वाद घालू नये.

टायरच्या दुकानावरच्या आमच्या हॉलमध्ये आज पास्टर संतोषकुमार जबरदस्त बोलले. जो सर्व सोडत नाही तो शिष्य होऊ शकत नाही. बुरूज बांधणारा आधी बसून बघतो ना, पुरा होईल का? मग म्हणाले, एक सप्टेंबरपासून शिष्यत्वाचं सहा महिन्यांचं ट्रेनिंग आहे, आपल्या मंडळीला एकच सीट, कोणाची तयारी? बाकीचे एकमेकांकडे बघत बसले. मी हात वर केला. दोन्ही. पास्टर म्हणाले, गिदोन ब्रदर, घाई नको, आधी बसून विचार करा. मी म्हणालो, बसूनच केला, खुर्चीवरच आहे.

लोक हसले. इथे माणूस सर्वस्व देतोय आणि यांना हसू येतंय. कोण कोण हसलं ते लक्षात ठेवलंय. क्षमा करीन, पण नंतर.

खाली उतरलो तर एक अनोळखी ऑटोवाला ओरडला, एन शिष्या, एल्लिगे? म्हणजे, कुठे निघालास, शिष्या! अंगावर काटा आला. हॉल सोडून तीन मिनिटं झाली नव्हती. ह्याला कोणी सांगितलं?

४ ऑगस्ट, सोमवार. जेवणाची सुट्टी

ठरलं होतं, पाच वाजता उठून प्रार्थना. उठलो सात दहाला. चूक उमाकांतची. रूममध्ये आम्ही दोघंच, आणि उठवायचं काम त्याचं. पण गेल्या गुरुवारपासून त्याला लोडिंगला टाकलंय, तो सहालाच निघतो आणि मला हलवत नाही. विचारलं तर म्हणाला, तू शिष्य झालास ना, देव उठवील. असं कुजकं बोलतो. उदगीरकडचा आहे.

डबा मात्र त्यानेच भरला होता. भातात मिरच्या. मुद्दाम.

६ ऑगस्ट, बुधवार

चिकन सोडलं. रील बघणं सोडलं. केसांचं जेल सोडलं (संपलं होतं, पण नवीन आणलं नाही, म्हणजे सोडलंच).

गेटवरचा सिक्युरिटी आज म्हणाला, ऊट आयता शिष्या? जेवलास का, शिष्या. दुसरी खूण! बंगळुराजवळच्या ह्या होसकोट्यात माझं खरं नाव कोणाला बोलता येत नाही. गिदोन म्हटलं की ऐकतात गोडाऊन. काम गोडाऊनमध्ये आणि नावही गोडाऊन. पासवर तेच छापलंय. एवढी वर्षं चीड होती. आता कळलं, देवाला मला वेगळंच नाव द्यायचं होतं.

शिष्या. वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून मोजणार.

८ ऑगस्ट, शुक्रवार

उमाकांत कंबरेला पट्टा बांधून बसला होता. माझ्याकडे बघत नव्हता. म्हणजे असा बघत नव्हता, की मला दिसावं.

एकदाचं लिहून टाकतो. मी खोटं बोललेलो नाही.

गेल्या महिन्याच्या तीस तारखेला अकरा कमोड फुटले. पॅलेटवर नीट रचलेले, पांढरेशुभ्र, प्लास्टिकमध्ये. उमाकांत चहाला गेला होता. त्याची फोर्कलिफ्ट उभी, चावी आत. मी स्टिकर लावणारा माणूस, पण चार वर्षं बघतोय, त्यात काय एवढं? लिव्हर उलटा निघाला. आवाज झाल्यावर मी स्टिकरच्या टेबलाशी परत गेलो, कारण माझी जागा तीच आहे. सुपरवायझर नरसिंहराव पळत आले, विचारलं, गाडी कोणाची? मी म्हणालो, उमाकांतची.

आहेच ती उमाकांतची! विचारलं तेवढंच सांगितलं. कोण चालवत होतं, असं विचारलं असतं तर वेगळी गोष्ट. साहेबांना प्रश्न नीट विचारता येत नाही, त्याला मी काय करू?

दुसऱ्या दिवशी उमाकांतची गाडी काढून घेतली. तो काही बोलला नाही. बोलायला पाहिजे होतं. म्हणजे भांडण झालं असतं आणि मिटलं असतं.

१० ऑगस्ट, रविवार

ट्रेनिंगचा फॉर्म मिळाला. प्रश्न नऊ, शिष्य होण्यासाठी तुम्ही काय सोडलं? जागा पुरली नाही. बाजूने आडवं लिहिलं. जेलसुद्धा लिहिलं.

प्रश्न दहा, तुमच्या भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे का? मी लिहिलं, मला भाऊ नाही, दोन बहिणी आहेत, दोघींची लग्नं झाली.

पास्टरांनी वाचलं आणि डोळे पुसेपर्यंत हसले. म्हणाले, ब्रदर, सख्खा भाऊ नाही हो. कोणीही. वेदीपाशी अर्पण तसंच ठेवायचं, आधी जाऊन समेट करायचा, मग यायचं. फॉर्म परत दिला. म्हणाले, दहावा भरून आणा, नऊ नंबर एवढा लांब नसला तरी चालेल.

नऊ नंबरलाच तर माझी मेहनत आहे! पास्टर पडले बिदरचे, मराठी कच्ची. त्यामुळे असं होतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

दोन अंगरखे असतील तर एक द्यावा. बस स्टँडवर एक म्हातारा कुडकुडत होता. पळत रूमवर गेलो, रग आणली, त्याच्या अंगावर घातली. त्याने हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

रग उमाकांतची होती. माझी घडी करून वर ठेवली होती, त्याची हाताला लागली. देताना डावं-उजवं बघायचं नसतं.

तो म्हणाला, गोडाऊन, तुझ्या देवाला तुझी रग सोडून माझीच कशी रे आवडली? मग लुंगी पांघरून झोपला. सकाळी शिंकत होता. बंगळुरात ऑगस्टची थंडी, अंगात रक्त असेल तर वाजत नाही. एक शब्द सरळ बोलत नाही हा माणूस. डोकं फिरतं.

रेघा आज नऊ.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. सुट्टी

दिवसभराचा उपास-प्रार्थना. पाणीसुद्धा नाही.

सकाळी ११.२० ला घरमालकीण अंबूबाई चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, घेऊन आल्या. त्यांचं घराणं इथे पाच पिढ्यांपूर्वी आलेलं, मराठी बोलतात पण कानडीत बुडवून. म्हणाल्या, खा रे अण्णा, स्वल्पच आहे. पुढे वाढतील ते खावं असं लिहिलंच आहे. तीनदा घेतलं. उपास मोडला तो अंबूबाईंनी, मी नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

साक्ष दिली. पंचवीस मिनिटं. सगळं सांगितलं, काय काय सोडलं. मग माझं प्रेम दिसावं म्हणून शेवटी प्रार्थनेची विनंती केली, माझा रूममेट उमाकांत, त्याची कंबर धरली आहे.

पास्टरांनी नंतर बाजूला घेतलं. कंबर कशाने धरली? म्हणालो, लोडिंगने. म्हणाले, तुम्ही तर सांगत होता तो फोर्कलिफ्ट चालवतो. म्हणालो, चालवायचा. मग लोडिंगला कसा आला? म्हणालो, पास्टर, माझी बस आली.

बस आली नव्हती. चालत आलो. चार किलोमीटर. पास्टर आहे का पोलीस?

१९ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी ८

पेन दाबून लिहितोय. रागाने.

नळावर अंबूबाईंना विश्वासात घेऊन सांगितलं. अक्का, देव मला रोज हाक मारतो. ऑटोवाल्याच्या तोंडून, सिक्युरिटीच्या, चहावाल्याच्या. शिष्या म्हणतो. आत्तापर्यंत एकवीस वेळा.

अंबूबाई बादली खाली ठेवून हसल्या. म्हणाल्या, अय्यो वेड्या! इथे सगळ्यांना शिष्या म्हणतात रे. म्हणजे बाबा, दोस्ता, गड्या. माझा नातू त्या बोकडाला पण शिष्या म्हणतो. आणि खरंच, तिथूनच पोरगं ओरडलं, ए शिष्या, पाला खा!

बोकडाने वर बघितलं. मीही बघितलं.

चार वर्षं ह्या गावात आहे, कानडी समजते म्हणून सगळ्यांना सांगतो. एकाने सांगू नये? उमाकांतला तर माहीत असणारच. सोळा दिवस मजा बघत होता.

मागचं पान फाडलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

ठीक आहे. खुणा नकोत मला. खुणेशिवाय सोडतो की नाही बघा.

नरसिंहराव साहेबांना राजीनामा दिला. त्यांनी उलटा धरून वाचला, मग सुलटा. म्हणाले, कॉन्ट्रॅक्टवाले राजीनामा देत नाहीत, फक्त यायचं बंद करतात, जा, स्टिकर लाव. आयुष्यातला सर्वात मोठा त्याग, आणि त्याला घेणाराच नाही.

पास्टरांना फोन केला, नोकरी सोडतोय. ते म्हणाले, ब्रदर, नोकरी राहू दे. चिकन खा. जेल लावा. फक्त ती एक गोष्ट करा. मी ओरडलो, कोणती एक गोष्ट? ते म्हणाले, जिच्यावर तुम्ही आत्ता ओरडलात ती.

फोन आपटला. काच गेली. हेही त्यांच्याच नावावर.

२५ ऑगस्ट, सोमवार

चार दिवस विचार. जीव मागितला असता तर दिला असता. परदेशात पाठवलं असतं तर गेलो असतो. पण त्या जाड्या नरसिंहरावासमोर उभं राहून कमोडबद्दल बोलायचं? ह्यात काय वधस्तंभ आहे? ह्यात तर सरळ घरी पाठवणी आहे. आईला काय सांगू, सुवार्तेसाठी नोकरी गेली का कमोडसाठी?

उमाकांत आज जिना चढताना मध्ये थांबला. कठडा धरून. मी वर होतो. मला बघून म्हणाला, काय नाही, फोन बघत होतो. फोन खिशात होता.

हे करायलाच पाहिजे होतं का त्याने?

२८ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी ३

गेलो. तयारी करून. वाक्य पाठ केलं होतं, साहेब, तीस तारखेच्या घटनेत काही जणांकडून काही चूक झाली असण्याची शक्यता आहे.

साहेब म्हणाले, काही जण कोण? मी म्हणालो, स्टिकर विभाग. साहेब म्हणाले, स्टिकर विभागात तू एकटाच आहेस.

मग त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. कॅमेऱ्याचा व्हिडिओ. मी सीटवर चढतोय. मी लिव्हर ओढतोय. कमोड जाताहेत, एकेक करून, आवाज नाही. मग मी टेबलाकडे जातो आणि स्टिकर लावतो. कशाला? एका रिकाम्या खोक्याला.

तीस तारखेपासून त्यांच्याकडे आहे!

म्हणालो, मग मला काढलं का नाही? साहेब म्हणाले, काढणारच होतो, त्याच संध्याकाळी. उमाकांत आला. हात जोडले. म्हणाला, चावी मी ठेवून गेलो, तेव्हा शिक्षा मला द्या, मी परमनंट आहे, मला फक्त हलवाल, तो पोरगा सरळ घरी जाईल. आणि म्हणाला, तो स्वतः येऊन सांगेल, स्वल्प टाइम कोडी सार.

थोडा वेळ द्या, साहेब.

एकोणतीस दिवस. उमाकांत देवळात जातो तेही वर्षातून दोनदा, आणि तेही प्रसादाला.

मी म्हणालो, साहेब, आता? ते म्हणाले, आता तू लोडिंगला. उमाकांतला गाडी पंधरा तारखेला, सध्याचा ड्रायव्हर गावाला गेला की. आता जा, मला जेवू दे.

एवढा राग आयुष्यात आला नव्हता. कोणावर आहे ते शोधतोय. सगळ्यांची नावं घेऊन बघितली. कोणावर बसत नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

उमाकांतला सॉरी म्हणायला बसलो. सुरुवात केली, आपल्या पवित्र शास्त्रात असं लिहिलं आहे की. तो म्हणाला, शास्त्र राहू दे, माझी रग आण.

बस स्टँडवर गेलो. म्हातारा तिथेच होता, रगेत गुंडाळून झोपलेला, पायाशी कुत्रं. परत आलो. माझी रग वरून काढली, त्याच्या खाटेवर ठेवली. तो म्हणाला, हिला वास येतोय. पण घेतली.

पास्टरांना फोनवर सांगितलं सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, ब्रदर, सीट काल दुसऱ्या मंडळीला गेली. मी म्हणालो, मग हे सगळं मी कशासाठी केलं? ते म्हणाले, दहावा प्रश्न आता भरून टाका. फॉर्म पाठवू नका, फक्त भरा.

थंडी आहे.

१ सप्टेंबर, सोमवार. जेवणाची सुट्टी

ट्रेनिंग आज सुरू झालं. तिकडे.

मी डॉक नंबर चारवर. माल, कमोड. एका खोक्याला दोन माणसं. पलीकडच्या टोकाला उमाकांत, कंबरेला पट्टा. मी रुमाल डोक्याला बांधला, हात पुसले, पाय लावून बघितले. सुरुवात प्रार्थनेने करावी म्हणून डोळे मिटले.

उमाकांत म्हणाला, उचल रे शिष्या.

उचललं.

माझ्या बाजूला वजन जास्त होतं. नुसतं लिहून ठेवतो. भांडत नाही.