शाबूत काचा

४ फेब्रुवारी

भिंतींची ओल गेली! नदीकाठच्या आख्ख्या गल्लीत आनंदीआनंद. हल्ली पूर वर्षातून दोनतीनदा येतो. म्हणून पंप लावून जमिनीतलं पाणी आधीच उपसून ठेवायचं, पूर आला की जमीनच तो पिऊन टाकेल. अशी आमच्या कार्यालयाची योजना. जुनी वस्ती वाचवायची तर दुसरा मार्ग नाही म्हणतात.

ताईने तळमजल्याच्या मागच्या खोलीला रंग काढला. आईला तिथे ठेवायचं, जिना तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. "ठेवू ना गं? तुला यातलं कळतं." मी म्हटलं, बिनधास्त ठेव!

११ फेब्रुवारी

दिवसभर घराघरांत काचा लावत फिरले. भिंतीला जिथे बारीक तडा, तिथे त्यावर आडवी काचेची पट्टी, दोन्ही टोकांना प्लास्टर. भिंत तसूभर हलली तरी काच फुटते. भिंतीला कान असतात म्हणे. तोंड आम्ही लावतो!

धाकधूक एकाच गोष्टीची. ही सगळी घरं चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. लाकूड पाण्यात बुडालेलं असेल तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. हवा लागली की कुजतं. म्हणून पाणी किती खाली न्यायचं ते साहेब माझ्या काचा बघूनच ठरवणार. काचा फुटू लागल्या तर पंप बंद. आणि ज्या घरातली फुटेल ते घर रिकामं करायचं — दुरुस्तीपुरतं.

२ मार्च

वरच्या गल्लीत कॉफी प्यायले. तिथली घरंही 'दुरुस्तीपुरती' रिकामी केली होती. दर्शनी भिंती जशाच्या तशा, आत हॉटेलं. मूळचं माणूस औषधालाही नाही.

९ मार्च

सगळ्या काचा शाबूत. साहेब खूश — "तुमच्या हाताला यश आहे." पंपांचा जोर वाढवला.

२१ मार्च

ताईकडे जेवायला. स्वयंपाकघराचं दार लागेना म्हणून भाऊजींनी खालून रंधा मारलाय. टेबलावर ठेवलेलं लिंबू आपलं आपण घरंगळत गेलं. आई म्हणाली, "घर म्हातारं झालंय, कुरकुरणारच. मी नाही कुरकुरत?" सगळे हसलो. मी मात्र उठून आईच्या खोलीत टॉर्च मारून आले. काच अखंड! मग कुठे घास गोड लागला.

३० मार्च

पुन्हा फेरी. पुन्हा सगळ्या शाबूत. बरं वाटायला हवं ना? पोटात गोळा आला. ताईच्या शेजारच्या शिंप्याच्या घरात उंबरा आणि भिंत यांच्यात बोट जाईल एवढी फट, आणि वर काच ठणठणीत! हे कसं?

साहेबांना बोलले. "तुमचा विश्वास काचेवर की पोटातल्या गोळ्यावर?" काचेवर, म्हटलं. दुसरं काय बोलणार!

५ एप्रिल

घाबरलेय. पार घाबरलेय.

दुपारी न सांगता ताईकडे गेले. भाऊजी आईच्या पलंगावर उभे, बोटं प्लास्टरने बरबटलेली, हातात काचेची पट्टी — जुन्या फोटोफ्रेमची कापलेली. खाली वर्तमानपत्रावर फुटकी काच. मी किंचाळलेच. हे कधीपासून?

"पहिल्या आठवड्यातच फुटली," भाऊजी म्हणाले. "मग फुटतच राहिली. तू फेरीला यायच्या आधी नवी लावतो. येणार म्हणून तूच तर फोनवर कळवतेस."

मी कधी जवळ जाऊन पाहिलंच नाही. अखंड दिसली की चालले पुढे!

ताई दारात येऊन उभी राहिली. "खाली केलेलं घर परत कोण देतं गं? वरच्या गल्लीत बघून ये."

"आई या भिंतीखाली झोपते, ताई!"

"तूच म्हणालीस बिनधास्त ठेव." मग आवाज खाली आणून — "आमची एक काच खोटी म्हणून काय बिघडतंय? बाकीच्यांच्या शाबूत आहेत ना? म्हणजे गल्ली ठीक आहे."

आईला म्हटलं, चल माझ्याकडे, आत्ताच्या आत्ता. "थोरलीला इथे टाकून? मी नाही येणार." हट्टीपणात आम्ही तिघी सारख्या. शेवटी तिला वरच्या खोलीत नेऊन बसवलं. तेवढंच.

साहेबांना सगळं सांगितलं. आधी नातेवाइकांवरून चार शब्द ऐकवले. मग म्हणाले, "ते एक घर रिकामं करू. बाकी गल्लीचे निकाल उत्तम आहेत, तेवढ्यासाठी काम थांबत नसतं. उद्या पंप पूर्ण ताकदीने."

६ एप्रिल

पंप सुरू झालेत. साहेब फोन उचलत नाहीत.

सकाळपासून गल्लीतलं एकेक दार ठोठावतेय. काचा हात लावून पाहिल्या. मी लावलेली एकही नाही. कोणी खिडकीची कापून लावलीय, कोणी कपाटाची. आणि जो तो मला आत घेऊन, दार लोटून, हळूच सांगतोय — "कुणाला बोलू नका हं. फक्त आमचीच फुटते."