भाट्याच्या खाडीत करपलेली होडी

भाट्ये, रत्नागिरी.
चैत्र संपत आला. (तारीख दमयंती घालील, मला तारखा लागत नाहीत.)

चिरंजीव ऋत्विक यास,

आधी ओळख करून देते, म्हणजे पत्र कोणाचं म्हणून पाकीट उलटसुलट करत बसायला नको. मी तुझी आजी. तुझ्या बापाची आई. भाट्याला राहते, खाडीच्या अलीकडे, दारात रातांब्याचं झाड आहे ते घर. लहानपणी तू या घरात अख्खा मे महिना काढायचास आणि जाताना रडायचास. आता आठवलं असेल तर आशीर्वाद घे. नसेल आठवलं तरी घे, आशीर्वाद तुझ्या आठवणीवर अवलंबून ठेवले असते तर माझ्याकडे ढीग साठला असता. नातसुनेची, मृणालीची, पाठदुखी बरी असेल अशी आशा आहे. तुझी तब्येत मात्र विचारत नाही. आंब्याची पेटी कधी निघत्ये म्हणून विचारायला फोन करण्याइतकी ती ठणठणीत आहे, हे आम्हाला कळलं.

फोन सोडून पत्र का, तेही ऐक. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. (एवढ्या मीटिंगा आमच्या ग्रामपंचायतीच्या पण होत नाहीत, आणि तिथे निदान भांडणं तरी बघायला मिळतात.) मग मोबाईलवर बोलून ठेवावं, तर गेल्या गणपतीत तुझ्याच बायकोने हसत हसत सांगितलं की आजीचं बोलणं तू दुप्पट वेगाने ऐकतोस. एक्क्याऐंशी वर्षं घालवली मी हे बोलायला शिकण्यात, आणि तू ते अर्ध्या वेळात उरकतोस. म्हणून समोरच्या दमयंतीला कागद घेऊन बसवलंय. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात. पण मी बोलते तसं लिहील तर शपथ, मध्येच माझं मराठी सुधारते. आणि हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटते. प्रत्येक गोष्ट तिला तीनतीनदा विचारावी लागते. मास्तरीण निवृत्त झाली की सरकार आवाज परत घेतं की काय कोण जाणे.

तर होडी. कुठली होडी असं विचारशीलच, म्हणून तेही सांगते. गेल्या गणपतीत तू मोबाईलवर बापाला एक होडी दाखवलीस. दोन हात लांब, पण खरं पेट्रोल पिणारी, आणि काठावर उभं राहून हातातल्या यंत्राने पळवायची. तुझी आई गेल्यापासून तीन वर्षं तुझा बाप, माझा शिवा, पडवीत पेपर धरून बसायचा. धरून म्हणते, वाचत नव्हे. पान उलटलेलं मी बघितलं नाही. त्या दिवशी त्याने तुझ्या हातातून मोबाईल ओढून घेतला. एकतीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. त्या इंजिनांनी त्याचे दोन्ही कान खाल्ले, आणि कानात घालायचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून ते देवघराच्या फडताळात पडलंय. तरी इंजिन दिसलं की त्याचा चेहरा असा, जसं सासुरवाशिणीच्या दारात माहेरचं माणूस. तू म्हणालास, बाबा, सगळं सामान पाठवतो, दिवाळीत येतो, दोघं मिळून बांधू. त्याला ऐकू येत नाही म्हणून कागदावर लिहून दिलंस. तो कागद अजून त्याच्या खिशात असतो. (मला वाचता येत नाही, पण शर्ट धुवायच्या आधी खिसे मीच रिकामे करते, आणि धुतल्यावर मीच परत घालते.)

खोका आला. खोका शब्दाचा पक्का निघाला. तू दिवाळीला आला नाहीस. शिमग्याला पालखी दारात आली, तू नाही आलास. देवाला जमलं, तुला नाही जमलं.

शिमग्याची वाट न बघता शिवाने संक्रांतीलाच एकट्याने खोका उघडला होता. आत फायबरचं रिकामं होडकं, सोललेल्या नारळाएवढं इंजिन, आणि बाकी नुसते स्क्रू, नळ्या आणि तारा. दोन महिने तो पडवीत माझ्या पापडाच्या पाटावर ते जुळवत होता. इंजिन बसवलं, ते काढलं, सुताने मापलं, पुन्हा बसवलं. मागच्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा केसभर तिरका झाला तर सगळं थरथरतं म्हणे. होडी पळताना पाणी आत शिरून इंजिनाभोवती फिरावं आणि बाजूने बाहेर पडावं, म्हणून तांब्याची नळी त्याने माझ्या लाटण्याभोवती वळवली. (लाटण्याला अजून तेलाचा वास येतो. पोळ्यांना पण.) पण दुसऱ्यांदा भात मागायला लागला. मी काही बोलले नाही. अशा वेळी बोललं की दृष्ट लागते.

पाडव्याला होडी पाण्यात घालायची ठरली. शिवा पेट्रोल आणायला गेला आणि इकडे माझ्या मनात आलं, नवी होडी पाण्यात जायची आणि नारळ नाही? आपल्या खाडीत नारळाशिवाय कुठली होडी गेल्ये? शेजारचा भिकाजी जन्मभर मासेमारीच्या होडीवर तांडेल होता, त्याला म्हटलं, तुझ्या हातून होऊ दे. हळदकुंकू झालं, झेंडूचा हार झाला, आणि भिकाजीने त्याच्या चाळीस फुटी होडीच्या नाळेवर फोडायचा तसा, त्याच हाताने, नारळ तुझ्या होडीच्या नाकावर फोडला. नारळ फुटला हे खरं. होडी पण फुटली. नाकापासून चार बोटं चीर, आणि नारळाचं पाणी आत इंजिनाच्या पायाशी. शिवा आला, त्याने बघितलं, आणि त्याला ऐकू येत नाही हे माहीत असून भिकाजी मोठमोठ्याने शास्त्र सांगत सुटला. शिवाने नुसतं खोबरं उचललं, आम्हाला वाटून दिलं, आणि उरलेलं स्वतः खात बसला. तुझ्या आजोबांच्या वळणावर गेलाय. रागावला की खातो.

मग मिरकरवाड्याहून, जिथे मोठ्या होड्या डागडुजीला येतात तिथून, फायबरचं कापड आणि तो डोळ्यांत पाणी आणणारा डिंक आला. प्रायश्चित्त म्हणून भिकाजीने स्वतः थापला. हात मोठ्या होडीचा, त्यामुळे थर पण मोठ्या होडीचा. होडी पाण्यात सोडली तर नाक खुपसून खालीच बघायला लागली, जसा प्रगतीपुस्तक घेऊन आलेला तू. मग शिवाने अर्धा डिंक घासून काढला, पेट्रोलची टाकी चार बोटं मागे सरकवली, पुन्हा दोन बोटं पुढे घेतली, तेव्हा कुठे होडीने मान वर केली.

आता खरी गोष्ट. इंजिनाला दोन सुया असतात, एक हळू चालीची, एक जोराच्या चालीची. सुई गव्हाच्या दाण्याएवढी फिरवली की पेट्रोल कमी-जास्त होतं. आणि किती फिरवायची ते कशावरून कळतं? आवाजावरून. म्हणजे बघ, दोन महिने खपून बहिऱ्या माणसाने होडी बांधली, आणि शेवटचं काम निघालं कानाचं. तू येणार होतास ते त्यासाठीच ना रे? शिवा इंजिनावर बोटं टेकवून बसायचा. थरथर कळायची, बारीक फरक कळायचा नाही. दोन दिवस मी बघितलं आणि म्हटलं, हो बाजूला, मी ऐकते. मला अक्षर येत नाही, पण भात येतो. भात चुलीवर आधी रटरटतो, म्हणजे पाणी फार. मग आवाज बारीक आणि एकसारखा होतो, तो बरोबर. त्याच्यापुढे चिरकायला लागला की पाणी संपलं, आता करपणार. इंजिनाचं तेच. पेट्रोल जास्त झालं की रटरटतं, कमी झालं की किंचाळतं. आणि तेल त्या पेट्रोलातच मिसळलेलं, त्यामुळे किंचाळताना थांबवलं नाही तर आतून करपतं. (हल्ली आमच्याकडे भात पण करपतो. यंदाचा तांदूळच बरा नाही.)

तर भाट्याच्या खाडीत भरती पुरी होऊन पाणी थांबतं तेवढ्या वेळात आम्ही जायचो. काठावर मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत, छत्री उघडून. होडी समोरून गेली की मी खूण करायची. हात वर म्हणजे पेट्रोल वाढव, हात खाली म्हणजे कमी कर, हात छातीवर म्हणजे राहू दे. मग शिवा होडी काठाला आणायचा, सुई फिरवायचा, पुन्हा सोडायचा. गेल्याच्या गेल्या रविवारी मी हात छातीवर ठेवला आणि होडी अशी सुटली की काठावरचे बगळे उडाले. पाण्याला टेकतेय न टेकतेय. शिवा हसला. तोंडाने, आवाज करून हसला. आणि बहिरी माणसं ओरडतात तसा ओरडून म्हणाला, आये, कशी वाजत्ये? अरे, काय सांगणार होते मी त्याला? हात छातीवर होता, तो तसाच धरून ठेवला.

पुढच्या रविवारी सगळं वाटोळं झालं. होडी समोरून गेली, मला रटरट वाटली. हात खाली केला. शिवाने सुई फिरवली. पुन्हा गेली, अजून रटरट. पुन्हा हात खाली. भिकाजी शेजारी उभा होता, त्याने दोन्ही कानांत बोटं घातली. (मेल्याला नाटकं फार. जन्मभर डिझेलच्या इंजिनाला टेकून झोपलेला माणूस!) मी तिसऱ्यांदा हात खाली केला. होडी खाडीच्या मध्यावर गेली आणि जागच्या जागी थांबली. भिकाजीने होडकं घालून ओढून आणली. इंजिन जाम. शिवाने घरी येऊन उघडलं, तर आतल्या पिस्टनवर ओरखडे, जसे मांजराने ओढले.

चूक कोणाची? तुझी. दुसऱ्या कोणाची असणार? मुंबईत बसून हलका माल पाठवलास, आणि मालाबरोबर यायला हवा होता तो माणूस पाठवलाच नाहीस. शिवा मात्र म्हणतो, मीच पेट्रोलात तेल कमी घातलं असेल. एकतीस वर्षांत एक इंजिन बिघडवलं नाही म्हणे, आणि हे खेळण्यातलं मारलं, आता आपला हात गेला. त्याने होडी पुसली, खोक्यात घातली, सुतळीने बांधली आणि माळ्यावर टाकली. कालपासून पुन्हा पेपर घेऊन बसतो. परवाचाच पेपर आहे. भात एकदाच घेतो.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं, बाकी काही नाही. तू सुखात राहा, मोठा हो, मीटिंगा कर. खाली जांभळा डाग दिसेल तो माझा अंगठा. दमयंतीच्या शाळेच्या जुन्या शिक्क्याची शाई आहे, म्हणून 'तपासले' असं पुसट काहीतरी बाजूला उमटलंय म्हणते. असू दे.

तुझी आजी

ता. क. नवीन पिस्टन आणि त्यावरची रिंग टपालाने लगेच पाठव. इंजिनावरचा नंबर दमयंतीने पत्राच्या मागे उतरवून दिलाय. चांगल्यातली पाठव.

ता. क. दोन. दमयंतीने वरचं सगळं वाचून दाखवलं, मग चष्मा काढून माझ्याकडे बघत बसली. मास्तरीण ती मास्तरीणच, उत्तर चुकलेलं असलं की बोलत नाही, बघत बसते. म्हणून हे लिहायला लावत्ये. इंजिन तुझ्या मालाने नाही करपलं. मी करपवलं. भिकाजीने कानांत बोटं घातली ती नाटकं नव्हती. होडी किंचाळत होती, अख्ख्या काठाला ऐकू येत होती, माझ्यापर्यंत नुसती रटरट पोचली. किंचाळणं आलंच नाही. मी आपली हात खाली, हात खाली. तांदूळ यंदाचा चांगला आहे. दमयंती पुटपुटत नाही. शिवाला मी हे सांगितलेलं नाही. तो स्वतःवर घेतोय आणि मी घेऊ देत्ये, आई असून. पण सांगितलं तर त्याला कळेल की या घरात आता चालता कानच उरला नाही, आणि मग तो खोका माळ्यावरून कधी खाली येणार नाही. तेव्हा पिस्टन टपालाने पाठवू नकोस. तू घेऊन ये. माझी खुर्ची आणि छत्री तयार आहे. हात वर, हात खाली, हात छातीवर, एवढंच काम. तुझे कान चांगले आहेत रे, दुप्पट वेगातलं पण ऐकू येतं त्यांना.

ता. क. तीन. आंब्याची पेटी इथे ठेवली आहे, येशील तेव्हाच फोडू. येताना तुमच्या स्टेशनजवळच्या बेकरीतली खारी आण, पत्र्याच्या डब्यात घालून, मऊ पडलेली मी घेणार नाही. चहात बुडवायला नकोय ती. कवळीखाली धरून चावली की कुर्रकन आवाज डोक्याच्या आतून येतो, तेवढा अजून स्पष्ट ऐकू येतो मला. शिवालाही येत असेल. दोन पुडे आण.