लाँड्रीची खिडकी

प्रिय आत्या,

आता ऑपरेशनचे गाऊन एकदा घालून टाकूनच देतात. मला मात्र आपल्या हॉस्पिटलच्या लाँड्रीतली तुझी खिडकी आठवते. धुतलेला प्रत्येक गाऊन तू तिथल्या उजेडात धरायचीस. "सुईएवढं भोक म्हणजे जंतूंना उघडं दारच गं!"

मग त्या मास्तरांच्या बदललेल्या गुडघ्यात पू झाला. त्या ऑपरेशनला मी घातलेल्या गाऊनची बाही फाटकी निघाली आणि "माझीच नजर चुकली" म्हणत तू नोकरी सोडलीस.

आत्या, ती बाही ऑपरेशन चालू असताना ट्रॉलीला अडकून फाटली होती. मला कळलं होतं. गाऊन बदलायला थांबले तर सर्जन ओरडतील, म्हणून मी गप्प बसले.

काल तू सुई-दोरा माझ्यापुढे धरलास. "ओवून दे गं, माझे डोळे तेव्हाच गेले."

मी मुकाट्यानं ओवून दिला.

तुझी,
तूच नर्स केलेली भाची