सिंगापूरच्या हिवाळ्यासाठी मधमाश्यांची तयारी

सेम्बावांग, सिंगापूर
(पंखा पाचवर, तरीही)

तीर्थरूप पद्मादादास,

शामकांतचा घामाने ओला, पण मनापासून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? स्मितावहिनींचा खोकला गेला का, की तुमच्या विनिपेगच्या थंडीने त्याला मुक्कामालाच ठेवून घेतलं आहे? आम्ही दोघं ठीक आहोत. माझं बीपी गोळीच्या ताब्यात आहे आणि मी आशालताच्या. पुंगोलची तन्वी आणि तिची जाई दर रविवारी जेवायला येतात. जाईला मराठी सगळं कळतं, फक्त उत्तर देताना ती प्रत्येक वाक्याला ‘ला’ची शेपटी लावते. ‘आजोबा, भात फिनिश ऑलरेडी ला’ असं सांगते आणि माझं पान उचलून नेते.

तू म्हणशील, रोज फोनवर बोलता येत असताना हा कागदी पत्रव्यवहार कशाला? तर दादा, फोनवर मी चार पानांएवढं लिहितो आणि तू एक अंगठा पाठवतोस. त्या अंगठ्यामुळे काय अनर्थ झाला तेच आज सांगायला बसलो आहे. कागदावर तुला अंगठा उमटवता येणार नाही, ही एक सोय.

आमच्या ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर टे नावाचे गृहस्थ राहतात. जन्मभर शाळेत मुलांना बँड शिकवला, त्यामुळे हळू बोलणं त्यांना जमत नाही. ब्लॉकच्या पायथ्याशी रहिवाशांची बाग आहे (कोणी कढीपत्ता लावतो, कोणी भाताला वास देणारं पांदान, आणि आशालताने लावलेली अळूची पानं कोण नेतं हे अजून उघडकीला आलेलं नाही). त्या बागेच्या कोपऱ्यात टे साहेबांची मधमाश्यांची एक पेटी आहे. सप्टेंबरात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं आणि पेटी कोणावर सोपवायची हा प्रश्न आला. मी बागेत सकाळी फेऱ्या मारतो, शिवाय जहाजावर चीफ इंजिनिअर होतो, एवढ्या पात्रतेवर त्यांनी मला निवडलं. म्हणाले, “अंकल शाम, वन स्मॉल बॉक्स ओन्ली. यू जस्ट लुक. डोंट डू एनिथिंग, कॅन?” मी म्हटलं, “कॅन.”

आता तूच सांग, ज्या माणसाने आयुष्यभर तीन मजली इंजिनं रात्रंदिवस चालती ठेवली, त्याला ‘काही करू नका’ असं सांगणं म्हणजे अपमानच की नाही? मी आठवडाभर नुसतं बघितलं. माश्या जात होत्या, येत होत्या. त्यांना माझी काहीच गरज दिसेना. मला रात्री झोप लागेना. मग आठवलं, आपल्या पद्मादादाच्या घरामागे पाच पेट्या आहेत. तुला कळवलं मात्र, आणि एरवीचा अंगठा सोडून तुझ्या आवाजातली व्याख्यानं फोनवर धडाधड येऊन पडायला लागली. हिवाळ्याआधी माइट आटोक्यात आणा. घट्ट पाक पाजा. पेटीचं दार अरुंद करा, नाहीतर उंदीर शिरतात. पेटी गुंडाळून ठेवा. मी सगळं दोनदा ऐकलं, कानात तुझा आवाज घेऊन बाजारात गेलो आणि पालकाऐवजी भलतीच भाजी घेऊन आलो.

आशालता म्हणाली, “अहो, पण हिवाळा येणार कुठून? चांगी विमानतळावर उतरणार आहे का?”

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, पण माझीही बाजू होती. नोव्हेंबर लागला की इथे दुपारी पाऊस कोसळतो आणि पारा चोविसावर येतो. एमआरटीच्या गाडीत तर बारा महिने स्वेटर लागतो. तेव्हा गाफील राहणं मला पटेना. आणि खरं सांगू का, तुझ्या आवाजात इतका अधिकार होता की विनिपेग कुठे आणि विषुववृत्त कुठे, हा विचार तुझ्याही मनात आला नाही आणि माझ्याही.

सुरुवात माइटपासून केली. माशीच्या अंगाला गोचिडीसारखी चिकटणारी, मोहरीएवढी, तांबूस तपकिरी चीज (हे तुझंच वर्णन). तू सांगितलंस त्याप्रमाणे वाटीभर माश्या बरणीत घ्यायच्या, वर पिठीसाखर टाकायची, बरणी हळूहळू फिरवायची आणि चाळणीतून झटकायची. साखरेने माइटचे पाय सुटतात, त्या खाली पडतात आणि माश्या जिवंत परत जातात. ऐकायला फार सोपं. वाटीभर माश्या घेताना त्यांनी मला डाव्या कानाला, उजव्या कोपराला आणि जिथे आशालतालाच मलम लावावं लागलं अशा एका ठिकाणी प्रसाद दिला. पण स्वयंपाकघरातली चाळणी मी हातातून सोडली नाही. पांढऱ्या ताटलीत झटकलं आणि दादा, ताटली उजेडात धरली. तांबूस, तपकिरी, गोल. चांगल्या पंधरावीस! तुझ्या हिशेबाने पेटी मरणाच्या दारात होती.

मी ते सगळे दाणे पुरावा म्हणून गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरले आणि इलाजाला लागलो. घरात दिवाळीच्या लाडवांसाठी दळून ठेवलेली पिठीसाखर होती. ती सगळी (आशालता तेव्हा लायब्ररीत होती) मी पेटीत शिंपडली. थोडी नाही, जहाजाच्या गंजावर प्रायमर मारतात त्या जाडीने. माश्या पांढऱ्याशुभ्र होऊन बाहेर पडल्या. वाऱ्यावर उडणारं पीठच जणू. दुसऱ्या मजल्यावरच्या रोहाना माकचिकनी (इथे वयस्कर मलाय बाईंना माकचिक म्हणतात) मुलीच्या लग्नासाठी शिवलेले काळे रेशमी कपडे बांबूवर वाळत टाकले होते. त्या कपड्यांवर माश्यांनी अंग झटकलं. संध्याकाळी त्या साखरेमागोमाग मुंग्या आल्या, आणि मुंग्यांमागोमाग माकचिक आमच्या दारात आल्या. त्यांनी नवरदेवाची बाही माझ्यापुढे धरली. तिच्यावरून मुंग्यांची रांग चालली होती. आशालताने ते कपडे घेतले, रात्रीतून धुऊन, इस्त्री करून परत दिले, आणि मग मला विचारलं, “साखर कुठे आहे?” यावर आमच्यात जे बोलणं झालं ते तुझ्या गुडघ्याला झेपणार नाही.

तरीही मी मागे हटलो नाही. पेटी गुंडाळायची राहिली होती. शिपयार्डमध्ये काम करणारा आपला संजीव पोंक्षे आहे ना, त्याच्याकडून वाफेच्या पाइपांवर बसवतात ती जाड लॅगिंग आणली. पेटी चारी बाजूंनी अशी मस्त गुंडाळली की आत भात शिजला असता. दार एका वेळी एकच माशी जाईल एवढं अरुंद केलं. आणि काय सांगू, दुपारपर्यंत सगळ्या माश्या बाहेर येऊन पेटीच्या तोंडावर एकमेकींना धरून लोंबकळायला लागल्या, दाढीसारख्या! मला तुझं व्याख्यान आठवलं: थंडीत माश्या एकमेकींना बिलगून गोळा होऊन बसतात. म्हटलं, झाली तयारी. लगेच फोटो काढून तुला पाठवला. आणि तू काय केलंस? अंगठा. दादा, त्या बिचाऱ्या उकाड्याने घराबाहेर पडल्या होत्या! लोडशेडिंगच्या रात्री माणसं गच्चीवर येतात तशा. एक अक्षर जरी लिहिलं असतंस!

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, पेटी रिकामी. टे साहेब सोमवारी घरी यायचे होते.

मी बागेत सगळीकडे शोधलं, झाडं बघितली, कारपार्क बघितला. शेवटी आरडाओरडा ऐकून व्हॉइड डेकवर गेलो. म्हणजे ब्लॉकच्या खालचा मोकळा मजला, तिथे लग्नं होतात. माकचिकच्या मुलीचं लग्न रविवारी. नवरा-नवरीच्या खुर्च्यांवर कागदी फुलांची कमान उभी केली होती आणि त्या कमानीच्या बरोब्बर मध्ये आमच्या माश्यांचा फणसाएवढा घोस लटकत होता. मंडप घालणारी माणसं लांब उभी होती. नवरी रडत होती. कोणीतरी कीटक मारणाऱ्या कंपनीला फोन लावत होतं. ते आले असते तर फवारा मारून अर्ध्या तासात सगळं साफ केलं असतं.

दादा, इंजिनरूममध्ये आग लागलेली मी पाहिली आहे. तेव्हा माझे पाय हलले होते. इथे हलेनात. टे साहेबांना काय सांगू, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी घरी फोन केला आणि म्हणालो, “माश्या लग्नाच्या कमानीवर बसल्यात. खाली ये.” पुढचं ऐकायलाही ती थांबली नाही.

आशालता आली ती माझा रेनकोट घालून, डोक्यावर बागेतली टोपी, तिच्यावरून ओढणी बांधलेली, एका हातात एअरफ्रायरचा रिकामा खोका आणि दुसऱ्या हातात इस्त्रीचा पाण्याचा फवारा. माकचिकना म्हणाली, “गिव्ह मी टेन मिनिट्स. नो पॉयझन, प्लीज.” माकचिक तिच्याकडे बघत राहिल्या. मुंग्यांचे कपडे रात्रीतून धुऊन देणारी बाई म्हणून असेल, पण त्यांनी फोन करणाऱ्याचा हात खाली केला.

मी विचारलं, “तुला येतं का हे?”

“तुमच्या कानात दादांची व्याख्यानं चालायची, ती सगळ्या घराला ऐकू यायची,” ती म्हणाली. “मोहोळ धरायचं कसं तेही सांगितलंय त्यांनी. तुम्ही तेवढंच गाळलंत. शिडी धरा.”

मी शिडी धरली. ती वर चढली, घोसावर पाणी फवारलं, खोका खाली धरला, आणि बरणीच्या बुडाला बसलेला गूळ काढताना देतात तसा कमानीला एकच दणका दिला. धप! सगळा घोस खोक्यात. तिने वर चादर टाकली आणि खाली उतरली. एक माशीदेखील तिला चावली नाही. मला नुसती शिडी धरताना एक चावली. माकचिक म्हणाल्या, “अइया, युवर वाइफ नॉट स्केअर्ड वन!” आणि तिथे जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नवरीनेसुद्धा.

बागेत येऊन तिने आधी माझी लॅगिंग ओरबाडून काढली. दार मोकळं केलं, साखर आणि मुंग्या पुसल्या, पेटी रंबुटानच्या झाडाच्या सावलीत ठेवली आणि माश्यांना आत ओतलं. मग दोघंही बाकावर बसून राहिलो. राहतात की जातात, कोणालाच माहीत नव्हतं. बसल्या बसल्या, तिला परिस्थितीचं गांभीर्य समजावं म्हणून, मी खिशातली माइटची बाटली दाखवली. तिने चष्मा लावला. एक दाणा तळहातावर घेतला. आणि माझ्या देखत तोंडात टाकून कडकन फोडला.

“नाचणी आहे,” ती म्हणाली. “चाळणी न धुता नेलीत.”

दुपार कलता कलता एक माशी पायांना पिवळा पराग लावून आली आणि सरळ आत गेली. मग दुसरी. आशालताने माझा हात दाबला. आमच्या संसारातला निम्मा काळ मी समुद्रावर होतो. घरी परत आलो की घर जागच्या जागी असायचं, तन्वी एक इयत्ता पुढे गेलेली असायची. ते तसं कोण ठेवत होतं, कसं ठेवत होतं, याचा विचार मी कधी बसून केला नव्हता. त्या बाकावर केला. तिला बोललो नाही. तुला लिहितो आहे.

सोमवारी टे साहेब वॉकर घेऊन थेट बागेत आले. आशालताने त्यांना सगळं सांगितलं, साखर, लॅगिंग, नाचणी, काहीही न वगळता. ते इतके हसले की खुबा धरून खाली बसायची वेळ आली. म्हणाले, इथल्या माश्या आपले माइट एकमेकींच्या अंगावरून स्वतःच वेचून टाकतात, म्हणून तर म्हटलं होतं काही करू नका. मग पेटीजवळ कान नेला, थोडा वेळ ऐकलं आणि सूर बरोबर आहे असं सांगितलं. त्यांनी आपली जाळीची टोपी काढली आणि दिली. मला नाही. आशालताला.

तर अशी इकडची खुशाली. वहिनींना नमस्कार. तुझ्या पेट्या थंडीत तग धरोत.

तुझा,
शामकांत

ता. क. खरं पत्र इथून सुरू होतं. तिच्यासाठी मधमाश्यांचं काम करताना घालतात तो पूर्ण पोशाख पाठव, मीडियम मापाचा. इथेही मिळतो, पण मी आणला तर म्हणेल, तुम्हाला काय कळतं. तुझ्याकडून आला तर घालेल. मी सांगितलं हे मात्र तिला कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. पांढरा नको. पांढऱ्यात आपण कंपाउंडरसारख्या दिसतो असं तिचं म्हणणं आहे.

आणखी एक ता. क. (अक्षर बदललं आहे, ओळखलं असेलच.) भाऊजी, सा. न. पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडे आलं, तेव्हा वाचलं. मला मीडियम होत नाही, स्मॉल होतो. पोशाख पोस्टाने पाठवू नका, तिथेच ठेवा. बर्फात पेटीला कान लावला की आतून माश्यांची गुणगुण येते, असं तुम्ही बोलला होतात. ती एकदा ऐकायची आहे. जानेवारीचं तिकीट काढलं आहे, एकटीचं. यांना अजून सांगितलेलं नाही. ते तेवढं तुम्हीच कळवा, आणि कृपा करून अंगठा पाठवून नको.