डुकरांचा पोळा

१६ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. पुढे लोकांना मार्गदर्शन करताना उपयोगी पडेल. कॉलेजच्या ऑफिसातून एक वर्षाची बिनपगारी रजा मंजूर. गंगापूर रोडच्या फ्लॅटला कुलूप लावलं, बायकामुलांसह विंचूरच्या मळ्यात मुक्काम. इथे सगळे कांदा लावतात. मी डुकरं पाळणार. पांढरी, यॉर्कशायर. तीन पिल्लं आणली. गटारीपर्यंत प्रत्येकी नव्वद किलो. दोन विकायची, एक घरी. मुलांना प्रोटीन मिळेल, शिवाय अन्न कुठून येतं तेही कळेल. सुवर्णा म्हणाली, आपल्याकडे डुक्कर खातं कोण? म्हटलं, कुणीतरी सुरुवात करायलाच हवी. तिने दार आपटलं. वारा असावा.

१८ मार्च
मुलांची मीटिंग घेतली. साक्षी अकरा वर्षांची, स्वराज सहा. एकच नियम. पिल्लांना नावं ठेवायची नाहीत. नाव ठेवलं की जीव लागतो, डुक्करपालनाच्या व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय. फक्त नंबर. एक, दोन, तीन. मुलांना पटलं. सुवर्णा आतून म्हणाली, नावं ठेवायचं काम तिच्याकडे आहे आणि ती मलाच ठेवणार आहे. दुर्लक्ष केलं.

२ एप्रिल
शेजारच्या लंकाबाईंनी स्वराजला पत्ते शिकवले. आता तो पिल्लांना एक्का, दुर्री, तिर्री म्हणतो. तसे हे नंबरच आहेत. चालवून घेतलं.

९ मे, दुपारी ३
खाद्याचा प्रश्न सुटला! लग्नसराई. मंगल कार्यालयातून मसालेभात, जिलेबी, मठ्ठा, सगळं फुकट. आज पंगतीच्या मागे दोन बादल्या घेऊन उभा होतो तर आमचे हेडक्लार्क निवृत्ती सर पाहुणे म्हणून आलेले. त्यांनी मला बाजूला घेतलं. काही अडचण असेल तर संकोच करू नका म्हणाले. मोठ्या कामाला सुरुवातीला असे गैरसमज सहन करावेच लागतात.

२९ जून
लग्नं संपली. हे लक्षात घ्यायला हवं होतं. डुकरं कोंडा खात नाहीत. जिलेबीची सवय.
निश्चय: उद्यापासून शिस्त.

३० जून
उद्यापासून.

२४ जुलै
गटारी. घरी खायला कुणीच तयार नाही, म्हणून आज तीनही जाणार होती. गोटीराम हे नाशिकचे व्यापारी, जुने जाणकार. आले तर दोनच डुकरं. तिर्री बाथरूममध्ये सापडली. साक्षीने आतून कडी लावलेली, शाम्पूचा वास. गोटीरामभाऊंनी एक्काच्या बरगड्या चाचपल्या, पंचावन्न किलो धरा म्हणाले. एवढ्या वजनावर गाडी भरत नाहीत. आता श्रावणात गिऱ्हाईक नाही, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नक्की येतो. म्हणजे मला महिना जास्त मिळाला. फायदाच.

२५ जुलै
सुवर्णा भांडली नाही. हळू बोलली, तेच वाईट. "मुलं रोज मला विचारतात, कधी नेणार. मी काय सांगू? पोळ्यानंतर एक दिवस थांबेन. तोपर्यंत ही गेली नाहीत तर मुलांना घेऊन मी फ्लॅटवर जाते."
मी हसलो. मग जेवण गेलं नाही. सुवर्णा आणि मुलं गेली तर या मळ्यात माझ्याच्याने एक दिवस निघायचा नाही. हे तिला सांगितलं नाही. प्लॅन पक्का असताना उगाच कशाला.

५ ऑगस्ट
मुलांना खरं सांगायचं ठरवलं. समोर बसवलं. सांगितलं की गोटीरामकाकांचं खूप मोठं फार्म आहे, तिकडे जास्त मोकळी हवा. स्वराजने विचारलं, दिवाळीला येतील का परत? म्हटलं बघू. साक्षी म्हणाली, "पप्पा, मी सहावीत आहे." उठून गेली. एकंदरीत चर्चा चांगली झाली.

१४ ऑगस्ट
वजन: सत्तावन्न, अंदाजे. स्वराज माझ्याशी बोलत नाही. निरोप तिर्रीमार्फत देतो. तिला सांगतो, तुझ्या मालकाला म्हणावं वही आण.

२१ ऑगस्ट, गुरुवार
आज खांदेमळणी, उद्या पोळा. आपल्याकडे बैल नाही म्हणून स्वराज रडायला लागला. मला एकदम सुचलं. डुकरांचा पोळा करू! मुलं दोन दिवस हसतील, आणि पुरणपोळी म्हणजे डाळ, गूळ, तूप. सरळ वजन. दोन दिवसांत किलो-दोन किलो सहज. कुणाला सुचलं नसतं.
तिघांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळली. लंकाबाई कुंपणाशी आल्या. "काय करून ऱ्हायले भाऊ? करताच तर आवतण तरी द्या. कानात सांगाया लागतं." मुलांनी माझ्याकडे पाहिलं. वाकून तिघांच्या कानात म्हणालो, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुर्रीने कान हलवला. स्वराज माझ्याशी बोलला.

२२ ऑगस्ट, पोळा
गेरूचे ठिपके, गळ्यात गोंडे, कपाळाला कुंकू. सुवर्णाने वीस पुरणपोळ्या केल्या, ओवाळलं, पाया पडली. पाच महिन्यांत पहिल्यांदा ती हसली. मी पण. सगळं मार्गावर आहे. उद्या गाडी.

२३ ऑगस्ट, सकाळी ११
गोटीरामभाऊ पिकअप घेऊन आले. कुंकू बघून थांबले. मी अभिमानाने सांगितलं, पुरणपोळीवरचा माल आहे. त्यांनी हातातला दोर गुंडाळला.
"आवतण कोनी दिलं?"
मी सुवर्णाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. मीच, म्हणालो.
"मग नाय नेत, भाऊ. माझा धंदा हाय. पन आवतण देऊन जेवू घातलेलं जनावर म्या गाडीत नाय घालत. ते तुमच्या घरचं झालं."
म्हटलं, ते बैलांपुरतं असतं. ते म्हणाले, कानात सांगताना तुम्ही तसं बोलले का? चहा घेतला. रिकामी गाडी गेली. मुलं डुकरांच्या गळ्यात पडली.

सायंकाळी ५
आणखी तीन व्यापाऱ्यांना फोन केले. गोटीरामने सोडलं म्हणजे काहीतरी असेल, असं तिघंही म्हणाले. घरीच कापावं म्हणून सुरी घेतली. कांदा चिरला.

२४ ऑगस्ट
सुवर्णाने बॅगा भरल्या. थांब म्हणालो. आठ दिवस दे. खरं तर विनवण्या केल्या, लिहायला लाज वाटते. ती म्हणाली, "आता विकलीत तर मुलं तुम्हाला माफ करणार नाहीत. नाही विकलीत तर डुकरं सांभाळत मी इथे राहू शकत नाही. मी तरी काय करू?" तिचेही डोळे भरले होते. साडेदहाच्या बसने गेली. मुलांनी आधी डुकरांचा निरोप घेतला, मग माझा. मागोमाग जाणार होतो, पण यांना खायला कोण घालणार? मळ्यात नुसती शांतता. फार एकटं वाटतं.

३१ ऑगस्ट, रविवार
सुवर्णाचा व्हिडिओ कॉल, आठवड्याने पहिला. घाईघाईने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, शेडच्या दारात उजेडात उभा राहिलो. परत बोलावतील असं वाटलं. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं.
स्क्रीनवर दोघं मुलं. साक्षी म्हणाली, "पप्पा, जरा बाजूला व्हा ना. तिर्री दिसत नाहीये."
झालो. पाऊण तास फोन धरून उभा होतो. मग कॉल कट झाला.