मिटलेली मूठ, उघडा हात

३ जून
माकिशीच्या बाजारात एका पर्यटकाचा धक्का लागला. हातातली मासळी खाली. 'माफ करा' कोण म्हणालं? मी. मग बायकोने, हात्सुएने, त्या माणसाला असं काही सुनावलं की त्याने मासे उचलून, पुसून हातात दिले. घरी आलो. चपला काढताना म्हणाली, "बस चालवायचात तेव्हा निदान हॉर्न तरी होता तुमच्याकडे."
निश्चय: कराटे शिकायचं. चौसष्ट म्हणजे मध्यम वयच. आमच्या नाहा शहरात तरी.

५ जून
शैली कोणती घ्यावी? न्हावी एक सांगतो, औषधाच्या दुकानातला दुसरी. डोकं भणभणलं. शेवटी मोरियोकडे गेलो. मोरियो हेन्झा, शाळेपासूनचा मित्र. वडिलांनी काढलेली गोजू शैलीची तालीम आता तो चालवतो. म्हटलं, येत जाऊ का? म्हणाला, रोज ये. फीचं विचारलं तर हसला आणि चहा ओतला.
शैली ठरली. विषय संपला.

१० जून
सांचिन शिकतोय. पाय आत वळवून उभं राहायचं, मुठी घट्ट मिटायच्या, पोटातून श्वास सोडत पुढे सरकायचं. शिक्षक मागून खांद्यांवर थापा मारून पाहतात, माणूस हलतो का. मोरियो बाकीच्यांना दणके देतो. मला नुसता हात लावतो. माझी बैठक मुळातच पक्की असणार. तीस वर्षं बस चालवली आहे.
नंतर चहा आणि जुन्या गोष्टी. सराव थोडा, चहा जास्त. खरे गुरू असंच बोलता बोलता शिकवतात.

२८ जून
सकाळी बोटं मिटत नाहीत. सांधे. मुठीशिवाय गोजू कसलं?
आसातोच्या बस थांब्यामागे उएची शैलीची तालीम आहे. तिथेही सांचिनच, पण हात उघडे ठेवून! नुसतं बघायला गेलो होतो. तिथल्या शिक्षिका गिबो बाईंनी दंड धरून रांगेत उभं केलं. बाई पन्नाशीच्या, आवाज हवालदाराचा. नाही म्हणता आलं नाही. आता दर बुधवारी यायचं म्हणे.
एक गुरू असताना त्याला न विचारता दुसऱ्याकडे जाणं आमच्याकडे वाईटच. पण मी कुठे गेलोय? तुलना करतोय. टीव्ही घेतानासुद्धा माणूस दोन दुकानं फिरतो.
मोरियोला उद्या सांगणार.

१२ जुलै
अजून सांगितलं नाही. बुधवारी का येत नाहीस, विचारलं त्याने. दाताचे डॉक्टर, म्हणालो.
संध्याकाळी तो दारात. हातात शेंगदाण्याचं टोफू, स्वतः केलेलं. चावायला नको म्हणून.
शरम वाटली. तरी संपवलं. चांगलं झालं होतं.

३० जुलै
गिबो बाईंची थाप काय ती! संध्याकाळपर्यंत कान वाजत होते. मग माझा अंगठा मुठीसारखा वळलेला बघून विचारलं, "आधी कुठे शिकलात?" म्हटलं कुठेच नाही. "मग हा अंगठा असा आत कुणी घालायला शिकवला?" म्हटलं, स्टिअरिंग धरून सवय.
आता दोन माणसांशी खोटं बोलतोय. पण एकाच विषयावर, म्हणजे तसं एकच धरावं.

२१ ऑगस्ट
आज सांगायचंच, असं ठरवून गेलो. वाक्य पाठ केलं होतं. तेवढ्यात मोरियोच म्हणाला, ऑक्टोबरात बाबांची काजिमाया. सत्त्याण्णवावं लागतं आहे. हातात कागदी भिरभिरं देऊन उघड्या गाडीतून गावभर मिरवायचं. नंतर अंगणात तालमीची मुलं सांचिन करून दाखवणार. "तू पण उभा राहा. बाबांना आवडेल."
अशा वेळी सांगणं म्हणजे क्रूरपणा. समारंभ होऊ दे. निश्चय: तोपर्यंत गिबो बाईंकडे जाणं बंद.

३ सप्टेंबर
गेलो. एकदम बंद केलं तर बाईंना वाईट वाटेल.

५ ऑक्टोबर
काय लिहू.
सगळं गाव अंगणात. हेन्झा आजोबा लाल अंगरख्यात, हातात भिरभिरं. मी रांगेच्या टोकाला. पहिलं पाऊल ठीक. दुसऱ्याला बोटं दुखली आणि हात आपोआप उघडले. मला कळलंच नाही. सगळ्या रांगेच्या मुठी मिटलेल्या, आणि माझे पंजे तिकीट मागणाऱ्या कंडक्टरसारखे पुढे.
आजोबांनी भिरभिरं माझ्यावर रोखलं. दिसतं कमी, पण हे दिसलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हा कुणाकडचा?"
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मोरियो मान न वळवता म्हणाला, "आपलाच आहे, बाबा."
जेवणाच्या पंगतीतून मी मागच्या दाराने निघालो. हात्सुए म्हणते, तुमचेच हात बरे दिसत होते, बाकीचे भांडायला निघाल्यासारखे. तिला काय सांगू?

६ ऑक्टोबर
ज्या माणसाने बापासमोर माझी अब्रू झाकली, त्याला मी दातांचं कारण सांगत आलो.

७ ऑक्टोबर
सांगितलं. सगळं. गिबो बाई, बुधवार, दात. मान खाली घालून म्हणालो, दोन तालमी एकदम करायला नको होत्या. मला काढून टाक.
मोरियोने चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "अरे, म्हणजे तू इथे कराटे शिकायला येत होतास?"
मी वर बघितलं. तो थट्टा करत नव्हता.
"बायको गेल्यापासून संध्याकाळी कोणी फिरकत नव्हतं," तो म्हणाला. "तू यायला लागलास. मला वाटलं, त्यासाठीच येतोस. उगीच ओशाळं वाटू नये म्हणून गणवेश घालतोस."
त्या क्षणी खरं बोलायला हवं होतं. तिच्या दिवसांना जाऊन आल्यावर जूनपर्यंत मी त्याच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. आलो ते मासळी पडली म्हणून.
मी म्हणालो, "मग? त्यासाठीच."
त्याने डोळे पुसले आणि पेला भरला. म्हणाला, आता बुधवारीही ये, दात ठीक असतील तर.
येतो म्हणालो.
उद्या बुधवार. गिबो बाईंना काय सांगावं ते सुचत नाही. दात म्हणावं का?