एका कपाची जाळी

भिवंडी, गुरुवार, फेब्रुवारी १९९६

शेठनी ऑफिससाठी इटलीहून आणलेल्या कॉफी मशीनची इंग्रजी पुस्तिका वाचून मीच म्हणाले होते, "जमेल मला." घरातली पहिली ग्रॅज्युएट ना! पण पूड भरायच्या एका कपाच्या छोट्या जाळीतून आजही नुसतं पाणी आलं. दोन कपांच्या जाळीतून त्याच पुडीची कॉफी दाट उतरते. असं का? पूड कमी पडते, की दाबताना माझा हात वाकडा जातो?

ऑफिस झाडणाऱ्या शांतामावशी हसल्या. "पोरी, एकट्याचा चा कवा बरा झालाय? दोघांचा ठेव."

ठेवला. कॉफी सुरेख झाली. दुसरा कप मावशींनी तोंड कसनुसं करत संपवला.

पण ती छोटी जाळी बनवणाऱ्यांनी उगाच बनवली असेल का? उद्या शेठ पाहुण्यासाठी एकच कप मागतील. गुपचूप दोन करू, की खरं सांगू?

मावशी मात्र म्हणाल्या, "उद्या मला नको गं."